दगड किती तापला होता? खनिजांतल्या ऑक्सिजनवरून तापमान काढण्याची रीत

नाइसच्या, म्हणजे खोलवर तापून-दाबून बदललेल्या पट्टेदार खडकाच्या, एका तुकड्यातून क्वार्ट्झ आणि मॅग्नेटाइट वेगळं काढलं, दोन्हींतल्या ऑक्सिजनची समस्थानिकं मोजून आणली, आणि कॅल्क्युलेटरवर उत्तर आलं ६८९ अंश सेल्सिअस. वहीत मी ते दोनदा अधोरेखित केलं. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "छान. आता दाणे दाखव."

उरलेले मॅग्नेटाइटचे दाणे राळेत बसवले, घासले, पॉलिश केले आणि परावर्तित प्रकाशात पाहिले. मॅग्नेटाइट उजळ राखाडी दिसत होतं आणि त्याच्या पोटात जागोजागी काळपट ठिपके होते. ते क्वार्ट्झ होतं, वजनानं जेमतेम साडेपाच टक्के. दाणे आणखी बारीक करून, नव्यानं निवडून पुन्हा मोजले तेव्हा उत्तर ६४० वर आलं. मधले पन्नास अंश दगडाचे नव्हते, माझ्या आळसाचे होते.

त्याच तुकड्याचे आकडे, हिशेबाला सोपे पडतील असे करून, पुढे घेतले आहेत. समीकरणाला या लेखात थोडीच जागा आहे. दाणे कसे निवडायचे आणि आलेलं तापमान दगडाच्या आयुष्यातल्या कोणत्या क्षणाचं मानायचं, याला जास्त. वाचणारा भूशास्त्राचा विद्यार्थी असेल असं धरलं आहे, पण बारावीचं रसायनशास्त्र आठवत असेल त्यालाही अडू नये.

मुळात मोजायचं काय

ऑक्सिजनचे तीन स्थिर प्रकार आहेत. ऑक्सिजन-१६ सुमारे ९९.७६ टक्के, ऑक्सिजन-१८ सुमारे ०.२ टक्के, आणि ऑक्सिजन-१७ त्याहूनही कमी. आपल्याला पहिले दोन पुरतात.

जड अणू बंधात बसला की त्या बंधाची कंपनं मंदावतात आणि एकूण ऊर्जा किंचित कमी होते. बंध जितका घट्ट, तितकी ही बचत मोठी. क्वार्ट्झमधला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध फार घट्ट असतो, मॅग्नेटाइटमधला लोह-ऑक्सिजन बंध त्यामानानं सैल. म्हणून एकाच दगडात शेजारी शेजारी वाढताना क्वार्ट्झ ऑक्सिजन-१८ थोडा जास्त ओढून घेतं आणि मॅग्नेटाइटच्या वाट्याला तो कमी येतो. तापमान वाढलं की हा पक्षपात ओसरतो, तोही साधारण केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. दोन खनिजांतला हा फरक मोजायचा आणि त्यावरून तापमानाकडे उलट जायचं, एवढीच कल्पना आहे.

ती हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली सैद्धांतिक पायावर मांडली. ड्युटेरियमच्या शोधासाठी १९३४ चं नोबेल मिळालेले हेच ते युरी. १९५१ मध्ये त्यांच्या गटानं ज्युरासिक काळातल्या एका बेलेम्नाइटच्या (माखलीच्या नात्यातल्या नामशेष सागरी प्राण्याच्या) वाढीची वलयं एकेक करून मोजली आणि त्या प्राण्यानं तीन उन्हाळे नि चार हिवाळे पाहिले होते, असं सांगितलं. कच्छच्या खडकांत सापडणाऱ्या त्या पेन्सिलीसारख्या दगडांकडे मी हे वाचल्यापासून जरा आदरानं बघतो.

या रीतीचा एक मोठा फायदा म्हणजे दाबाची कटकट नाही. १६ च्या जागी १८ बसला तरी स्फटिकाचं आकारमान नगण्य बदलतं, म्हणून दगड पाच किलोमीटर खोल होता की तीस, याचा समतोलावर जवळपास परिणाम होत नाही. खनिजांच्या रासायनिक घटनेवर चालणाऱ्या अनेक तापमापकांना ही चैन परवडत नाही.

मोजमाप 'डेल्टा' या एककात लिहितात. नमुन्यातलं १८ आणि १६ चं गुणोत्तर प्रमाण पदार्थाच्या गुणोत्तरापेक्षा दर हजारी किती जास्त वा कमी, तो डेल्टा. सिलिकेट आणि ऑक्साइड खनिजांसाठी प्रमाण पदार्थ म्हणजे 'व्हीस्मो', समुद्राच्या सरासरी पाण्यावर बेतलेला. त्यामुळे समुद्राचं पाणी शून्याच्या आसपास येतं, मध्यसागरी कटकांवरचा ताजा बेसाल्ट ५.७ च्या आसपास, बरेचसे ग्रॅनाइट ७ ते १० मध्ये. हे आकडे तोंडपाठ असलेले बरे. यंत्रानं ताज्या बेसाल्टला १२ दाखवलं तर तिथल्या तिथे थांबता येतं.

पायरी १: जोडी निवडणं

१९८९ साली चिबा, चाको, क्लेटन आणि गोल्डस्मिथ यांनी प्रयोगांवरून जोड्यांचे गुणांक दिले. पाण्याऐवजी कॅल्साइटला मध्यस्थ ठेवून, उच्च दाबाखाली खनिजांशी ऑक्सिजनची देवाणघेवाण करवून त्यांनी ते काढले. सूत्र असं:

फरक = गुणांक × १०,००,००० ÷ (तापमान × तापमान)

यात तापमान केल्विनमध्ये आणि फरक दर हजारी. क्वार्ट्झबरोबरचे गुणांक:

कॅल्साइट ०.३८
अल्बाइट (सोडियम फेल्स्पार) ०.९४
अनॉर्थाइट (कॅल्शियम फेल्स्पार) १.९९
डायॉप्साइड (एक पायरॉक्सीन) २.७५
फॉर्स्टराइट (एक ऑलिव्हिन) ३.६७
मॅग्नेटाइट ६.२९

क्वार्ट्झ आणि फॉर्स्टराइट समतोलात एकत्र नांदत नाहीत, हे पेट्रॉलॉजीच्या पहिल्याच सत्रात शिकवतात. मग तो आकडा इथे कशाला? वजाबाकीसाठी. ६.२९ मधून २.७५ वजा केले की डायॉप्साइड-मॅग्नेटाइट जोडीचा ३.५४ मिळतो, ६.२९ मधून ३.६७ वजा केले की फॉर्स्टराइट-मॅग्नेटाइटचा २.६२. गॅब्रोमध्ये क्वार्ट्झ नसलं तरी काम अडत नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हे गुणांक ६०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानांसाठी आहेत. त्याखाली वापरले तर तसं स्पष्ट लिहायचं.

गुणांक जितका मोठा, तितकी जोडी कामाची. कारण साधं आहे. एका डेल्टा मोजमापातली चूक ०.१ धरली, तर दोन मोजमापांच्या फरकात ती सुमारे ०.१४ होते. ६४० अंशांना क्वार्ट्झ-मॅग्नेटाइटमध्ये फरक ७.५५ असतो, त्यात ०.१४ इकडे-तिकडे म्हणजे तापमानात आठ-नऊ अंश. क्वार्ट्झ-डायॉप्साइडमध्ये तीच चूक १९ अंशांची होते. क्वार्ट्झ-अल्बाइटमध्ये फरकच १.१३ असल्यामुळे ती ५७ अंशांवर जाते. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्स्पार ढीगभर मिळतात म्हणून तीच जोडी घेण्याचा मोह होतो. तो टाळा. फेल्स्पार मोजायचं ते वेगळ्या कामासाठी, ते पुढे येईल.

पायरी २: दगड उचलताना

क्वार्ट्झ-मॅग्नेटाइट जोडीसाठी नावाजलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाचा बिवाबिक पट्टा. लोहखनिज आणि सिलिकाचे पट्टे असलेला हा प्राचीन गाळाचा खडक सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी डुलुथ कॉम्प्लेक्सच्या तप्त शिलारसानं एका टोकाला भाजून काढला. १९६६ मध्ये पेरी आणि बॉनिक्सन यांनी त्यातलं क्वार्ट्झ नि मॅग्नेटाइट मोजलं, तेव्हा शिलारसाच्या सीमेकडे जावं तसा दोघांतला फरक कमी होत गेलेला दिसला. जवळ जास्त ताप, लांब कमी. अशी चढण दिसली की एकट्यादुकट्या आकड्यापेक्षा भरवसा कितीतरी वाढतो. म्हणून जमेल तिथे एकाऐवजी रांगेत नमुने घ्या: उष्णतेच्या उगमापासून ठरावीक अंतरांवर पाच-सहा.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात रेडीच्या बाजूलाही पट्टेदार लोहखनिजाचे खडक आहेत, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्याला साहजिकच वाटतं की हाच प्रयोग इथे करू. तिथे पाऊस आडवा येतो. जांभ्याखालचं बरंचसं मॅग्नेटाइट केव्हाच हेमॅटाइट आणि गोथाइट झालेलं असतं, आणि तो ऑक्सिजन पावसाळी पाण्याच्या संगतीत, आपल्या रोजच्या तापमानाला आत शिरलेला असतो. बाहेरून दाणा मॅग्नेटाइटच्याच आकाराचा दिसतो, लोहचुंबकालाही थोडाफार चिकटतो, आणि आत हेमॅटाइटच्या पट्ट्या असतात. उघड्यावरचा तुकडा इथे बाद समजा. खोल बोअरचा गाभा मिळत असेल तरच पुढे जा, आणि त्याचाही पॉलिश केलेला छेद आधी पाहा.

प्रत्येक नमुन्याचा पातळ छेद करून घ्या, मग हातोडा. छेदात चार गोष्टी शोधायच्या: दोन्ही खनिजांची सीमा स्वच्छ आहे का, एक दुसऱ्याच्या पोटात आहे का, फेल्स्पार मळकट झालंय का, आणि नंतर भरलेल्या भेगा किती. दाण्यांचा सरासरी आकार आणि खनिजांचं प्रमाणही टिपून ठेवा, ते शेवटी लागतात. पट्टेदार दगडात दोन्ही खनिजं एकाच वा लगतच्या पट्ट्यांतून घ्या. हातभर अंतरावरच्या दोन पट्ट्यांनी एकमेकांशी ऑक्सिजन वाटून घेतला होता, असं गृहीत धरायचं कारण नाही.

पायरी ३: दाणे वेगळे करणं

सगळ्यांत कंटाळवाणी पायरी हीच, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

दगड पोलादी खलात कुटा, दळू नका. पिठी झाली की निवडता येत नाही, आणि पुढे लेझरखाली ती उडते. चाळण्या लावून पाव ते अर्धा मिलिमीटरचे दाणे घ्या, पाण्यात धुवा, वाळवा.

मॅग्नेटाइटसाठी हातातलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दाण्यांवरून फिरवा. पिशवी काढली की दाणे गळून पडतात. उघडं चुंबक बुडवलंत तर ते दाणे खरवडण्यात संध्याकाळ जाते. पहिल्या फेरीत मॅग्नेटाइटच्या गुच्छांत अडकून क्वार्ट्झ आणि अभ्रकही येतं. म्हणून दाणे अल्कोहोलमध्ये टाकून, ढवळत ढवळत, पुन्हा चुंबकानं उचला. असं चार-पाच वेळा. मग दाणे आणखी बारीक करा आणि पुन्हा तेच, कारण पोटातलं क्वार्ट्झ दाणा फुटल्याशिवाय सुटत नाही. शेवटी दहा-वीस दाणे राळेत बसवून पॉलिश करून पाहा. माझं हेच राहिलं होतं.

साडेपाच टक्क्यांनी एवढा घोळ का झाला? क्वार्ट्झच्या वजनात ५३ टक्के ऑक्सिजन असतो, मॅग्नेटाइटच्या वजनात फक्त २७.६. म्हणजे वजनानं साडेपाच टक्के भेसळ ऑक्सिजनच्या हिशेबात दहा टक्के होते. मॅग्नेटाइटचा खरा डेल्टा २.८ आणि क्वार्ट्झचा १०.४ असेल, तर मोजमापात २.८ ऐवजी ३.५६ येतो आणि तापमान ६४० वरून ६८९ वर उडी मारतं. वाईट हे की उत्तर हास्यास्पद दिसत नाही. ६८९ सुद्धा नाइसला शोभून दिसतं.

क्वार्ट्झ आणि फेल्स्पार वेगळं करायला जड द्रवाचा फार उपयोग नाही, दोघांची घनता फार जवळ आहे. लोहमॅग्नेशियमची खनिजं बाजूला काढायला मात्र तो चांगला. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, धूर-कपाटाबाहेर उघडू नये. सोडियम पॉलिटंगस्टेट महाग पण पाण्यात विरघळणारं आणि त्यामानानं कमी घातक. त्यानंतर हात आणि डोळे. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली बशी हलकेच फिरवा. फेल्स्पारचा सपाट पापुद्रा एका कोनात आरशासारखा चमकतो आणि लगेच विझतो. क्वार्ट्झ काचेसारखं वळणदार फुटतं, चमकतं ते सगळीकडून थोडं थोडं. ही नजर बसायला दोन दिवस लागतात. एकदा बसली की सुईच्या टोकानं तासाला शेकडो दाणे निवडता येतात. खात्री हवी असेल तर क्वार्ट्झ हेक्साफ्लोरोसिलिसिक आम्लात ठेवतात, त्यात फेल्स्पार झिजून जातं आणि क्वार्ट्झ बहुतांशी टिकतं. हे आम्ल घातक आहे, प्रशिक्षण नसेल तर हात लावू नका. दगडात कॅल्साइट असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची एक आंघोळ आधी, पण मॅग्नेटाइटला तीत फार वेळ ठेवायचं नाही.

पायरी ४: यंत्रावर

सिलिकेट आणि ऑक्साइडमधला ऑक्सिजन सहजी सुटत नाही. १९६३ मध्ये क्लेटन आणि मायेडा यांनी ब्रोमीन पेंटाफ्लोराइड वापरून तो सोडवण्याची पद्धत दिली, निकेलच्या नळ्यांत रात्रभर तापवून. १९९० पासून लेझर आला: दोनेक मिलिग्रॅम खनिजावर कार्बन डायऑक्साइड लेझर मारायचा, ब्रोमीन पेंटाफ्लोराइड वायूच्या वातावरणात. दाणा पांढराशुभ्र उजळतो, क्षणभर फेसाळतो आणि नाहीसा होतो. ऑक्सिजन गोठण-सापळ्यांतून शुद्ध करून थेट, किंवा तापत्या ग्रॅफाइटवर कार्बन डायऑक्साइड करून, वस्तुमान-वर्णपटमापकात जातो. ब्रोमीन पेंटाफ्लोराइड पाण्याशी स्फोटक जोरानं झगडतं, त्यामुळे हे काम बहुधा प्रयोगशाळेचेच लोक करतात. आपण दाणे घेऊन जायचं.

घेऊन जाताना दोन गोष्टी ठरवून जा. एक, क्वार्ट्झ आणि फेल्स्पार एकाच ताटलीत भरू नका. फेल्स्पार लेझर लागण्याआधीच, खोलीच्या तापमानाला, त्या वायूशी हळूहळू विक्रिया सुरू करतं आणि शेजाऱ्यांचं मोजमाप बिघडवतं. दोन, जोडीतली दोन्ही खनिजं एकाच दिवशी, एकाच प्रमाण नमुन्यांच्या मध्ये मोजून घ्या. समजा त्या दिवशी यंत्र सगळंच ०.२ नं कमी दाखवतंय. दोन्ही खनिजांत तीच चूक असेल तर वजाबाकीत ती उडून जाते. क्वार्ट्झ मार्चमध्ये आणि मॅग्नेटाइट ऑगस्टमध्ये मोजलं तर उडत नाही.

प्रमाण नमुने किमान दोन असावेत. न्यूयॉर्क राज्यातल्या गोर माउंटनचं गार्नेट, यूडब्ल्यूजी-२, याचा डेल्टा ५.८, क्वार्ट्झ वाळू एनबीएस-२८ चा ९.६. एकच नमुना ठेवला तर शून्य सरकलंय का ते कळतं, पण मोजपट्टी आखडली आहे का ते कळत नाही, आणि आखडलेली मोजपट्टी वजाबाकीतून सुटत नाही. प्रत्येक खनिज दोनदा मोजा. दोन वाचनांत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर तिसरं वाचन घ्या. तरी जुळेना तर दोष बहुधा दाण्यांत आहे.

आयन प्रोबनं, म्हणजे आयनांचा झोत मारून मोजणाऱ्या यंत्रानं, पातळ पॉलिशवरच दहा-पंधरा मायक्रॉनचा ठिपका मोजता येतो. झिरकॉन किंवा पट्टेदार गार्नेटसाठी ते वरदान आहे. पण प्रत्येक खनिजाला त्याच घटनेचा प्रमाण नमुना लागतो आणि एका ठिपक्याची अचूकता लेझरपेक्षा कमी असते. जोडीच्या तापमानासाठी मी लेझरच निवडेन.

पायरी ५: हिशेब

क्वार्ट्झ १०.४, मॅग्नेटाइट २.८. नुसती वजाबाकी ७.६. काटेकोर करायचं तर १.०१०४ ला १.००२८ नं भागा, भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, हजारानं गुणा: ७.५५.

६२,९०,००० ÷ ७.५५ = सुमारे ८,३३,१००
त्याचं वर्गमूळ ९१२.७ केल्विन
२७३ वजा केले की साधारण ६४० अंश सेल्सिअस

नुसत्या ७.६ नं केलं असतं तर ६३७ आले असते. तीन अंशांचा फरक, मोजमापाच्या चुकीत बुडून जाणारा. पण कॅल्साइट-पाण्यासारख्या वीस-तीसच्या फरकांना ही सवलत घेऊ नका. उत्तर लिहिताना '६४० ± १०, गुणांकांची अनिश्चितता वेगळी' असं लिहा. ६३९.६ लिहिणाऱ्यावर परीक्षक हसतात, आणि बरोबर हसतात.

पायरी ६: तिसऱ्या खनिजाची साक्ष

दोन खनिजांवरून तापमान नेहमीच निघतं, समतोल असो वा नसो. कॅल्क्युलेटर तक्रार करत नाही. म्हणून तिसरं खनिज मोजायचं, आणि इथे फेल्स्पार कामाला येतं.

६४० अंश खरे असतील तर अल्बाइटचा डेल्टा १०.४ उणे १.१३, म्हणजे ९.३ च्या आसपास हवा. समजा तो ८.९ आला. आता तिन्ही जोड्या तपासा: क्वार्ट्झ-मॅग्नेटाइट ६४०, अल्बाइट-मॅग्नेटाइट (गुणांक ५.३५) सुमारे ६६६, आणि क्वार्ट्झ-अल्बाइट सुमारे ५२०. क्वार्ट्झ-अल्बाइटची चूक तशीही साठेक अंशांची, पण इथली दरी त्याहून मोठी आहे. फेल्स्पार ज्या दोन जोड्यांत आहे त्या एकमेकींपासून विरुद्ध दिशांना पळाल्या. याचा सरळ अर्थ, फेल्स्पारनं नंतर कुठल्यातरी कमी डेल्टाच्या पाण्याशी देवाणघेवाण केली असावी. छेदात ते मळकट, ढगाळ दिसत असेल तर जवळजवळ नक्कीच. अशा वेळी तिन्ही उत्तरांची सरासरी काढू नका. फेल्स्पार बाजूला ठेवा, का ठेवलं ते लिहा, आणि शक्य असेल तर चौथं खनिज शोधा.

त्याआधीची एक झटपट चाचणी: क्रम. क्वार्ट्झ सर्वांत वर, मग कॅल्साइट, फेल्स्पार, मग पायरॉक्सीन नि गार्नेट, त्याखाली ऑलिव्हिन, तळाला मॅग्नेटाइट. हा क्रम उलटला असेल तर हिशेबाला बसूच नका.

पायरी ७: हा आकडा कोणत्या वेळचा?

तिन्ही खनिजं जुळली तरी ६४० हे दगडानं सोसलेलं सर्वोच्च तापमान आहे असं ठरत नाही. निवताना खनिजं ऑक्सिजनची अदलाबदल चालूच ठेवतात, विसरण (अणूंचं स्फटिकातून सरकणं) अगदी मंदावेपर्यंत. ज्या तापमानाला एखादं खनिज दार लावून घेतं ते त्याचं बंद-तापमान. याचं गणित डॉडसन यांनी १९७३ मध्ये मांडलं. दाणा मोठा असेल, दगड भरभर निवला असेल, आत पाणी नसेल, तर दार लवकर, म्हणजे चढ्या तापमानाला लागतं. फेल्स्पार बराच वेळ दार उघडं ठेवतं. गार्नेट, झिरकॉन आणि डायॉप्साइड लवकर बंद होतात.

यातून एक विचित्र पण उपयोगी गोष्ट निघते. क्वार्ट्झ-मॅग्नेटाइटचं उत्तर दगडात तिसरं काय किती आहे यावरही अवलंबून असतं. फेल्स्पार भरपूर असेल तर क्वार्ट्झ शेवटपर्यंत त्याच्याशी व्यवहार करत राहतं आणि जोडीचं उत्तर भरकटतं. खनिजांचं प्रमाण आणि दाण्यांचा आकार टिपून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

शिखराचं तापमानच हवं असेल तर दगड निवडतानाच चलाखी करा: ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असलेला क्वार्ट्झाइट, आणि त्यात थोडंसं गार्नेट किंवा कायनाइट. निवताना क्वार्ट्झला व्यवहार करायला कोणी उरतच नाही, ऑक्सिजनचा जवळजवळ सगळा साठा त्याच्याकडेच असतो, म्हणून त्याचा डेल्टा हलत नाही. गार्नेटचा विसरण-वेग इतका कमी की तेही हलत नाही. आणि गार्नेट वाढल्यावर फार तापलं नसेल, तर ही जोडी गार्नेट वाढलं त्या वेळचं तापमान सांगते, निवण्याच्या वाटेवरचं नाही.

आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांचं काय

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला जाणारच. वाघोलीच्या खाणीत किंवा जळगावकडे बेसाल्टच्या पोकळ्यांत जी सुंदर स्फटिकं मिळतात, ती किती तापमानाला वाढली? झिओलाइटवर विसंबू नका, त्यांच्या पोकळ जाळीतलं पाणी येत-जात असतं. कॅल्साइट बरं. त्याला फॉस्फरिक आम्ल पुरतं, फ्लोरीनची गरज नाही. पण इथे बहुधा दुसरं खनिज नसून पाणी जोडीला असतं, आणि ते पाणी केव्हाच निघून गेलंय.

कॅल्साइटचा डेल्टा कार्बोनेटांसाठी वापरतात त्या व्ही-पीडीबी मोजपट्टीवर उणे १२ आला समजा. १.०३०९१ नं गुणून ३०.९१ मिळवा: व्हीस्मोवर १८.५. किम आणि ओनील यांचं कॅल्साइट-पाण्यासाठीचं १९९७ चं समीकरण (तापमान केल्विनमध्येच) सांगतं:

फरक = १८,०३० ÷ तापमान − ३२.४२

पाण्याचा डेल्टा उणे ८ धरला तर ३३ अंश, उणे ४ धरला तर ५६, आणि शून्य धरला तर ८२. एकच स्फटिक, तीन उत्तरं, आणि निवड आपल्या अंदाजावर. शिवाय त्यांचे प्रयोग १० ते ४० अंशांचे होते, म्हणजे ८२ ही बरीच लांबची उडी.

यावर तोड म्हणजे 'क्लम्प्ड' समस्थानिकं. कॅल्साइटच्या एकाच कार्बोनेट गटात कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ योगायोगापेक्षा किती जास्त वेळा एकत्र बसलेत, हे मोजायचं. थंडीत ते जास्त जवळ येतात. यात पाण्याचा डेल्टा लागतच नाही. जॉन आयलर यांच्या कॅलटेकमधल्या गटातून हा तापमापक २००६ साली मांडणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक प्रसेनजित घोष, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. नमुना जास्त लागतो, वाचनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि स्फटिक नंतर शंभर अंशांच्या बरंच वर दीर्घकाळ तापलं असेल तर जोड्या विस्कटतात. पण पोकळीतल्या कॅल्साइटसाठी पर्याय म्हणून मला हाच पटतो.

समजा क्लम्प्डनं ५६ अंश दिले. आता वरचं समीकरण उलटं चालवा: तापमान माहीत, कॅल्साइट माहीत, राहिलं पाणी. ते उणे ४ येतं. समुद्राचं पाणी असतं तर शून्याच्या आसपास आलं असतं. हा आकडा शोभतो तो लाव्हाच्या थरांतून झिरपत खाली गेलेल्या पावसाच्या पाण्याला.